सोनं वितळलं, विद्या उरली : चेलिनी नावाच्या सोनाराकडून शाळेने काय घ्यावं?



'मी कोण होणार?' हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. वह्या तपासायला बसलं की डॉक्टर, इंजिनीअर, पोलीस, कलेक्टर, क्रिकेटपटू असे ठरलेले धंदे येतात. हल्ली त्यात यूट्यूबरही असतो. पण 'मी सोनार होणार', 'मी सुतार होणार' असं लिहिलेली वही तुम्हाला कधी मिळाली का, सांगा बरं? ज्या मुलाच्या घरी चार पिढ्या हेच काम चालतं तोसुद्धा डॉक्टरच लिहितो. डॉक्टर व्हावंसं वाटण्यात वाईट काहीच नाही. पण घरची विद्या ही 'विद्या' आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, आणि सांगायचं काम आपलं होतं.

म्हणून आज एका सोनाराबद्दल लिहितो आहे. तो आपल्याकडचा नाही, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला आहे आणि पाचशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याचं नाव बेनवेनुतो चेलिनी. जगातल्या नामवंत सोनारांत त्याची गणना होते. पण मला तो महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. आयुष्यभर हाताने जे शिकला ते त्याने म्हातारपणी कागदावर उतरवलं आणि सगळ्यांसाठी उघडं केलं. माझं मत आधीच सांगून टाकतो : हाताची विद्या शब्दांत मांडून पुढच्याला देणं हे शिक्षणाचंच काम आहे, आणि आपल्या शाळांनी ते सोडून दिलं आहे.

बासरी की हातोडी?

चेलिनीचा जन्म ३ नोव्हेंबर १५०० चा. वडील वाद्यं बनवायचे आणि वाजवायचेही. मुलाने बासरीवादक व्हावं ही त्यांची फार इच्छा. मुलाला मात्र बासरीचा कंटाळा. पंधराव्या वर्षी तो एका सोनाराच्या दुकानात उमेदवारीला लागला. वडिलांचं मन राखायला बासरी वाजवत राहिला, पण जीव सोनारकामात. पालकसभेत आपण बघतो तसंच आहे की नाही हे? वडिलांचं स्वप्न एकीकडे, मुलाचे हात दुसरीकडे.

त्या काळचं फ्लॉरेन्समधलं सोनाराचं दुकान म्हणजे नुसतं दागिन्यांचं दुकान नव्हतं, ती एक शाळाच होती. तिथे चित्र काढायला शिकवत. मेणाचा नमुना करायला, धातू वितळवायला, साच्यात ओतायला, कोरायला, तोलायला शिकवत. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चचा प्रचंड घुमट उभारणारा ब्रुनेलेस्की मुळात सोनारकाम शिकलेला होता. ब्राँझच्या प्रसिद्ध दरवाज्यांचा कर्ता गिबेर्ती हाही सोनारकामातून आलेला. लिओनार्दो द विंचीचा गुरू व्हेरोकियो, तोही सोनारकामात तयार झालेला. आता विचार करा. वास्तुविशारद, शिल्पकार, चित्रकार, सगळे एकाच प्रकारच्या कामशाळेतून निघाले. गुंजभर धातूशी ज्याला नीट वागता येतं, त्याच्या हाताला आणि डोळ्याला अचूकपणाची सवय लागते. ती सवय मग घुमट बांधतानाही कामाला येते.

चेलिनी पुढे रोममध्ये गेला. तिथली त्याची शिकण्याची पद्धत मला फार आवडते. आत्मचरित्रात तो सांगतो की रोममध्ये एक कारागीर शिक्के कोरण्यात सगळ्यांच्या पुढे होता, दुसरा सोन्याच्या पत्र्यावर उठावाचं काम करण्यात, तिसरा मीनाकारीत. प्रत्येक जण आपापल्या एका कामात पक्का. चेलिनीने ठरवलं की ज्याचं जे उत्तम ते त्याच्याकडून घ्यायचं आणि त्या प्रत्येकाच्या तोडीचं काम करून दाखवायचं. आपण मुलांना 'पहिला नंबर आण' म्हणतो. त्यापेक्षा 'अमक्याचं अक्षर बघ, तमकीचं गणित बघ, तिसऱ्याचं चित्र बघ आणि तिघांकडून शीक' असं म्हटलं तर?

सोन्याचं नशीब

१५२७ साली सम्राटाच्या सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात अडकला. चेलिनीही त्याच किल्ल्यात होता. पोपने त्याला एक अवघड काम दिलं : राजमुकुटांमधली आणि दागिन्यांमधली रत्नं काढून घ्यायची आणि सोनं वितळवायचं. किल्ल्यातच छोटी भट्टी रचून त्याने ते केलं. ज्या हातांनी घडवायचं त्याच हातांनी मोडायचं. एखाद्या कारागिरासाठी याहून कडू काम कोणतं असेल?

पुढे याच पोपसाठी त्याने अंगरख्याचं सोन्याचं मोठं बटण घडवलं. मधोमध हिरा आणि त्याच्या वर बसलेला परमेश्वर, अशी त्याची रचना होती. या बटणाचं काय झालं माहीत आहे? अडीचशेहून जास्त वर्षं ते जपलं गेलं आणि १७९७ साली, नेपोलियनला द्यायच्या खंडणीपायी नष्ट झालं. अठराव्या शतकात कोणीतरी त्याची रंगीत चित्रं करून ठेवली होती म्हणून ते कसं दिसत होतं एवढं तरी आज कळतं.

सोन्याचा हाच दोष आहे. ते कधी टाकाऊ होत नाही, म्हणून त्याचं केलेलं काम टिकत नाही. आपल्या घरातसुद्धा आजीचा मोडका दागिना जपून कोण ठेवतं? मोडून नवा करतात. चेलिनीने आयुष्यभर सोनं घडवलं, पण नक्की त्याचीच म्हणता येईल अशी सोन्याची मोठी कलाकृती आज एकच उरली आहे.

मिठाचं भांडं

ती कलाकृती म्हणजे फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी घडवलेलं मिठाचं भांडं. काम १५४० ते १५४३ या काळातलं, उंची साधारण २६ सेंटिमीटर. समोरासमोर दोन आकृत्या बसल्या आहेत. एक समुद्रदेव, दुसरी धरणीमाता. दोघांचे पाय एकमेकांत गुंतलेले. समुद्रदेवाच्या शेजारी नाव आहे, तिच्यात मीठ ठेवायचं. धरणीशेजारी छोटं देऊळ आहे, त्यात मिरी ठेवायची. मीठ समुद्रातून येतं आणि मिरी जमिनीतून, म्हणून ही मांडणी. त्या काळी युरोपच्या राजांच्या ताटात येणारी मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून जहाजाने जायची, हे मुलांना जरूर सांगा. एका भांड्यात त्यांना भूगोल, इतिहास आणि विज्ञान एकत्र भेटतं.

यातलं कसब असं की या आकृत्या ओतीव नाहीत. सोन्याचा पत्रा ठोकून ठोकून त्या उठवल्या आहेत आणि वर रंगीत मीनाकारी आहे. बुडाशी हस्तिदंताचे गोळे आहेत, म्हणजे भांडं जेवणाच्या मेजावर सरकवता यावं. सुंदर वस्तू वापरायलाही सोपी हवी, याचा विचार त्याने सोडला नाही.

पुढे हे भांडं ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडे भेट म्हणून गेलं आणि वितळण्यातून वाचलं. आज ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. तिथूनही ते मे २००३ मध्ये चोरीला गेलं आणि जानेवारी २००६ मध्ये जंगलात पुरलेल्या पेटीत सापडलं.

आधी सांगितलं, मग घडलं

चेलिनी पुढे फ्लॉरेन्सला परतला आणि तिथल्या ड्यूकसाठी पर्सियस या वीराचा ब्राँझचा पुतळा करू लागला. हातात मेदुसा राक्षसीचं कापलेलं डोकं उंच धरलेला हा पुतळा. ड्यूकला शंका होती की इतकं उंच धरलेलं ते डोकं नीट ओतलं जाणार नाही. चेलिनी म्हणाला, डोकं नीट येईल, अडचण पायाची आहे. विस्तवाचा स्वभाव वर जाण्याचा, पाय राहतो सगळ्यात खाली, तिथपर्यंत रस गरम पोचणं अवघड. पायाची डागडुजी करावी लागेल.

ओतायच्या दिवशी त्याला ताप भरला. तो अंथरुणावर पडला आणि भट्टीतला रस गोठायला लागल्याची खबर आली. तो तसाच उठला. जोरदार जळणारी सुकी लाकडं घालून विस्तव वाढवला आणि घरातल्या कथलाच्या मिश्रधातूच्या सुमारे दोनशे ताटल्या-वाट्या रसात टाकल्या. कथील मिसळलं की ब्राँझ कमी तापमानाला वितळतं आणि चांगलं वाहतं. साचा भरला. उघडून पाहिलं तर डोकं अगदी नीट आलं होतं आणि पायाची बोटं अपुरी राहिली होती, जसं त्याने आधी सांगितलं होतं तसंच. हा पुतळा १५५४ साली लोकांसमोर उघडा झाला आणि आजही फ्लॉरेन्सच्या चौकात उभा आहे.

ही गोष्ट तो स्वतःच सांगतो आणि तो बढाईखोर होता, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चला. पण त्यातला विचार बघा. काय होईल, का होईल, कुठे बिघडेल आणि बिघडलं तर काय करायचं, हे त्याला आधी माहीत होतं. विज्ञानाच्या तासाला आपण अंदाज, निरीक्षण, निष्कर्ष असं शिकवतो. दुसरं काय असतं ते?

माणूस आदर्श होता का?

नाही. हे स्पष्ट लिहायलाच हवं. थोरांच्या चरित्रातले डाग पुसून आपण मुलांसमोर ठेवतो, ते मला पटत नाही. चेलिनी तापट आणि भांडखोर होता. १५३४ साली रोममध्ये त्याने एका प्रतिस्पर्धी सोनाराचा खून केला आणि मोठ्या लोकांच्या मर्जीमुळे त्याला माफी मिळाली. तो तुरुंगातही गेला. असा माणूस 'माझा आदर्श' या निबंधाचा विषय होऊ शकत नाही.

पण एखाद्याचं काम घ्यावं आणि वागणं घेऊ नये, हा विवेकही मुलांना शिकवावाच लागतो. चेलिनीकडून घ्यायची ती शिकण्याची जिद्द आणि पुढे आली ती त्याची पुस्तकं.

कुलूप उघडणारं पुस्तक

१५५८ च्या सुमारास त्याने आत्मचरित्र सुरू केलं. काम करता करता तो सांगायचा आणि एक किशोरवयीन मुलगा लिहून घ्यायचा. ते पुस्तक छापलं गेलं १७२८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. पण १५६८ साली, तो जिवंत असतानाच, त्याचे दोन प्रबंध छापले गेले. एक सोनारकामावर, दुसरा शिल्पकामावर.

सोनारकामाच्या प्रबंधात काय नाही? तारकाम आहे, मीनाकारी आहे, रत्नं बसवणं आहे, रत्नाखाली चकचकीत वर्ख कसा घालायचा ते आहे, शिक्के आणि नाणी आहेत, मोठी भांडी आहेत. चांदीवर कोरलेल्या रेघांत भरायचं काळं मिश्रण कसं करायचं, तर चांदी एक भाग, तांबं दोन भाग, शिसं तीन भाग आणि गंधक, असं माप देऊन सांगितलं आहे. पत्र्यावर उठावाचं काम करायच्या दोन रीती आहेत. एक जुन्या उस्तादाची : आधी मेणाचा नमुना, त्यावरून ब्राँझचा, मग त्यावर पत्रा ठोकायचा. दुसरी स्वतःची : थेट पत्र्यावरच काम. दोन्ही सांगितल्यात. ज्याच्याशी बरोबरी करायची त्याची रीतही नावानिशी, मान देऊन नोंदवली आहे.

कारागिराच्या जगात ही साधी गोष्ट नव्हे. धंद्याची गुपितं म्हणजे पोटापाण्याचं साधन. ती बाप मुलाला सांगतो, उस्ताद शागिर्दाला सांगतो, तीही सगळी नाही. एखादी खुबी हातची राखून ठेवतात आणि उस्तादाबरोबर ती जळून जाते. चेलिनीने प्रमाणं, क्रम, होणाऱ्या चुका आणि त्यावरचे उपाय लिहून ठेवले. म्हणून १८९८ साली इंग्लंडमध्ये ॲशबी नावाच्या गृहस्थाने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. हा ॲशबी लंडनमध्ये हस्तकलेचा संघ चालवत होता, धातुकाम करणाऱ्यांना हे पुस्तक उपयोगी पडावं असा त्याचा हेतू होता. बघा, तीनशे तीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत, त्याला शागिर्द मिळाले. पोपचं बटण वितळलं, पण बटण कसं करायचं ते उरलं.

आता आपल्या वर्गात येऊ

आपल्याकडे हातात विद्या कमी आहे का? कोल्हापूरजवळच्या हुपरीत घराघरांत चांदीचं काम चालतं. मुंबईच्या झवेरी बाजारात बंगालहून आलेले कारागीर बारीक जडणघडण करतात. गावचा सोनार शेगडी, फुंकणी, चिमटा आणि टाकणखार घेऊन बसला की नुसत्या रंगावरून ओळखतो, आता डाग बसला. हे ज्ञानच आहे. पण ते बहुतेक जातीच्या आणि घराच्या भिंतींच्या आत राहिलं. सोनाराचा मुलगा सोनार, कुंभाराचा कुंभार. बाहेरच्याला प्रवेश नाही आणि आतल्याला सुटका नाही.

काही जण म्हणतात, शाळेत हस्तकला शिकवली तर गरिबांची मुलं पुन्हा बापाच्याच धंद्याला जुंपली जातील. ही भीती खोटी नाही, तिला मान दिला पाहिजे. पण माझ्या मते उपाय उलटा आहे. सगळ्या मुलांना, सगळ्या घरांतल्या, मुलींनासुद्धा हातकाम शिकवा. मग ते कोणा एका जातीचं राहत नाही. चेलिनीचा बाप वाद्यं करणारा होता आणि मुलगा सोनार झाला. दार उघडं असलं की असं होतं.

या महाराष्ट्रातच, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली होती. हस्तव्यवसायातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, हा विचार तिथे मांडला गेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत, असं सुचवलं आहे. म्हणजे कागदावर आपण कधीच मागे नव्हतो. वेळापत्रकात कार्यानुभवाची तासिकाही आहे. पण ती कुठे जाते हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. चाचणी जवळ आली की गणिताला, शिष्यवृत्तीची तयारी असली की बुद्धिमत्तेला. उरलीच तर टिपणवहीचा कागद दुमडून होडी. शेवटी मूल्यमापनाच्या तक्त्यात सगळ्यांना 'अ' श्रेणी.

तुम्ही म्हणाल, सर, बोलणं सोपं आहे. माहिती भरायची, ऑनलाइन नोंदी करायच्या, दोन वर्ग एकत्र सांभाळायचे, त्यात हे कधी? बरोबर आहे. मी पण त्याच खुर्चीवर बसतो. म्हणून जास्त काही मागत नाही, तीनच गोष्टी सुचवतो.

पहिली : महिन्यातून एकदा गावातला एखादा कारागीर अर्ध्या तासासाठी शाळेत बोलवा. सोनार, सुतार, शिंपी, गवंडी, कोणीही. त्याच्याकडून नुसतं काम करून घेऊन टाळ्या वाजवू नका. मुलांना 'का?' विचारायला लावा. टाकणखार का लावता? तार एकदम बारीक का ओढत नाही? माझ्या वर्गात एक शिंपीकाका आले होते. कापड आडवं न कापता तिरकं का कापतात, असं एका मुलीने विचारलं. काका क्षणभर गप्प झाले. म्हणाले, 'तीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.' मग कापड ओढून ताणून त्यांनी जे समजावलं, ते आम्हा शिक्षकांनाही नवीन होतं.

दुसरी : मराठीच्या तासाला मुलांकडून कृती लिहून घ्या. 'माझा आवडता सण' पुरे झाला. घरी कोणी जे काम करतं ते बघून लिहायचं : साहित्य, माप, क्रम, कुठे चुकतं आणि चुकलं तर काय करतात. चेलिनीच्या पुस्तकाचा साचा हाच आहे. भाषा नेमकी करायला याहून चांगला निबंध मला माहीत नाही. गाइडमधून तो उतरवताच येत नाही, हा आणखी एक फायदा.

तिसरी : कार्यानुभवाच्या नोंदीत वस्तू कशी दिसते एवढंच लिहू नका. पहिल्यांदा काय बिघडलं आणि मुलाने ते कसं सुधारलं, ते एका ओळीत लिहा. एक ओळ फार नाही.

पालकांनाही एक सांगणं आहे. मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पंखा उघडून बसला तर 'अभ्यास सोडून काय चाललंय' म्हणण्याआधी दोन मिनिटं बघा. त्याचा हात स्थिर आहे का, काढलेले स्क्रू त्याने ओळीने ठेवलेत का? ठेवले असतील तर तो अभ्यासच करतो आहे. प्लग मात्र काढलाय ना, तेवढं पाहा.

गावातला जुना सोनार, जुनी पाथरवट मंडळी, बुरूड, लोहार, यांच्यातली कितीतरी माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागली. त्यांच्याकडे पुस्तक नाही, लिहून घेणारा मुलगाही नाही. चेलिनीला एक किशोरवयीन लेखनिक मिळाला होता. आपल्या शाळांत तर लिहिता येणारी मुलं वर्गभर बसली आहेत. येत्या सुट्टीत प्रत्येकाला एक वही द्या आणि एका कारागिराकडे पाठवा. सुट्टी संपल्यावर त्या वह्या वर्गात वाचून दाखवायला एक तासिका राखून ठेवा, तेवढी तरी गणिताला देऊ नका.